जुनी सायकल, पुरता हिशेब

अंधेरी, बोरिवली, मुलुंड वा घाटकोपर येथील कोणत्याही जुन्या इमारतीच्या जिन्याखाली डोकावून पाहावे. धुळीने माखलेल्या, टायर बसलेल्या, साखळी गंजलेल्या दोन-चार सायकली तेथे हमखास आढळतात. कोणाचा मुलगा दहावीला गेला आणि सायकल सुटली. कोणाच्या दुकानातील नोकर गावी परतला आणि मालाची सायकल तशीच राहिली. आपल्या घरांत रिकामी बरणी टाकवत नाही, पार्सलाची सुतळी सोडवून गुंडाळून ठेवली जाते. पण काही हजारांची ही वस्तू वर्षानुवर्षे गंजत पडते आणि अखेर भंगारवाल्याच्या काट्यावर किलोच्या भावाने जाते. गोदामात पडून राहिलेला माल म्हणजे अडकलेले भांडवल, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मग जिन्याखालच्या या भांडवलाकडे आपले लक्ष का जात नाही?

अशी सायकल पुन्हा रस्त्यावर आणता येते आणि तिच्यावर रोजचा प्रवास काय, दोन दिवसांची यात्राही करता येते. मात्र तसे करताना हिशेब कोठे चुकतो आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, हे मला आमच्याच घरात शिकावे लागले. म्हणून प्रथम तेच सांगतो.

आजोबांची काळी सायकल

आमचे दुकान घाटकोपरला, घर मुलुंडला. दुकानाच्या आरंभीच्या काळात आजोबांनी एक काळी सायकल घेतली होती. मागे रुंद कॅरिअर, पुढे दांड्यांचे ब्रेक, अठ्ठावीस इंची चाके. तिच्यावरून त्यांनी स्वतः माल पोहोचवला, पुढे नोकरांनी पोहोचवला, आणि टेम्पो आल्यावर ती जिन्याखाली गेली. बी.कॉम. होऊन पुतण्या दुकानात येऊ लागला तेव्हा एके दिवशी म्हणाला, “काका, लोकलच्या गर्दीत लोंबकळण्यापेक्षा मी आजोबांच्या सायकलनेच येत जाईन.” अंतर सुमारे बारा किलोमीटर. घरातील सर्वांनाच गहिवर आला.

त्या गहिवरातच आम्ही खर्च केला. सायकल घासून तिला काळा चकचकीत रंग दिला, त्यावर सोनेरी रेघा ओढून घेतल्या. नवे क्रोमचे मडगार्ड, नवी सीट, जुन्या पद्धतीची मोठी घंटी आणि नव्या मुठी घेतल्या. सारे मिळून रु. २,९००. गल्लीच्या तोंडाशी बसणारे वयस्क मिस्त्री सायकलभोवती एक फेरी मारून म्हणाले होते, “शेठ, रंगानं सायकल थांबत नाही. ब्रेकचं आणि चाकांचं काम आधी करून घ्या.” आम्ही हसलो आणि पुढच्या महिन्यात पाहू म्हणून त्यांना सांगितले.

पुढच्या महिन्यात जून लागला. पहिल्याच मोठ्या सरीत पुतण्या एका उड्डाणपुलाचा उतार उतरत होता. पुढची रिक्षा एकाएकी थांबली. त्याने दोन्ही ब्रेक दाबले, पण सायकलचा वेग कमी होईना. रिक्षावर आदळू नये म्हणून त्याने हँडल दुभाजकाकडे वळवले. मनगटाचे हाड मोडले आणि सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये राहिला. थोडक्यात निभावले, असे सगळेच म्हणाले. वहिनींनी मात्र एवढेच विचारले, “भाऊजी, रंगाला पैसे होते, ब्रेकला नव्हते?”

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या दिवसानंतर मी मिस्त्रींच्या शेजारी स्टूल टाकून बसू लागलो. पुढे जे लिहिले आहे ते बहुतांशी तेथे बसून शिकलेले आहे.

ब्रेक का लागले नाहीत

जुन्या काळ्या सायकलींच्या रिमा पोलादाच्या असतात आणि त्यांवर क्रोमचा मुलामा असतो. कोरड्या रस्त्यावर रबराचा ठोकळा या रिमेला धरतो. पण गुळगुळीत क्रोमवर पाण्याचा थर बसला की रबर घसरत राहते. त्यात रबर अनेक वर्षे पडून कडक झालेले आणि दांड्यांचे सांधे झिजलेले असतील, तर मूठ आवळूनही ताकद चाकापर्यंत पोहोचत नाही. ॲल्युमिनियमच्या रिमेवर ओल्या हवेतही रबर कितीतरी चांगले धरते. म्हणून मुंबईत पावसाळ्यातही चालवायची सायकल असेल तर पहिला प्रश्न एकच विचारावा : रिम कशाची आहे? लोहचुंबक लावून पाहावा. चिकटला तर पोलाद, न चिकटला तर ॲल्युमिनियम.

याचा अर्थ काळी सायकल टाकाऊ आहे असा नाही. तिचे काम वेगळे आहे. कोरड्या दिवसांत, सपाट रस्त्यावर, सावकाश माल नेण्यासाठी ती आजही उत्तम. मुंबईच्या डबेवाल्यांची सायकल पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आलेल्या या व्यवसायात स्थानकापासून कचेरीपर्यंतची मजल प्रामुख्याने अशाच साध्या, गिअर नसलेल्या सायकलींवर होते. हँडलला आणि कॅरिअरला डबे लटकवलेली ती सायकल दिसायला सुंदर नसते. पण जे रोज लागते ते तिच्यावर असते आणि जे लागत नाही ते नसते.

सुटे भाग अजून मिळतात, याचे कारण

जुन्या सायकलवर पैसे घालावेत का, याचा निर्णय एका गोष्टीवर अवलंबून असतो : सुटे भाग मिळतील का? सायकलच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. मुंबईत वरळी येथे हिंद सायकल्सचा कारखाना १९३९ साली सुरू झाला. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली मद्रासला टी. आय. सायकल्स, १९५१ साली सोनीपतला ॲटलस आणि १९५६ साली लुधियानाला हीरो सायकल्स असे मोठे कारखाने उभे राहिले. या सर्वांच्या साध्या काळ्या सायकलींचा घाट जवळजवळ एकच, मूळ इंग्रजी धर्तीचा. त्यामुळे एकाचा छर्रा दुसऱ्याच्या हबमध्ये बसतो, एकाची चेन दुसऱ्याच्या चक्रावर चालते. हिंद सायकल्सचे १९८० साली राष्ट्रीयीकरण झाले आणि पुढे ते नाव बाजारातून गेले. ॲटलसच्या साहिबाबाद कारखान्याचे काम २०२० च्या जूनमध्ये थांबले. पण त्या सायकलींना लागणारे भाग लुधियानातून आजही येतात आणि काळबादेवीच्या सायकल बाजारात किंवा उपनगरांतील कोपऱ्यावरच्या दुकानांत मिळतात.

एका बाबतीत मात्र सावध राहावे. ती बाब म्हणजे चाकाचे माप. दुकानात “सव्वीस इंची टायर द्या” असे म्हटले की घोळ होतो, कारण सव्वीस इंच या एकाच नावाखाली निरनिराळ्या मापांच्या रिमा आहेत. टायरच्या कडेला बारीक अक्षरांत दोन आकडे छापलेले असतात. त्यांतील दुसरा तीन अंकी आकडा म्हणजे रिमेचा मिलिमीटरमधील व्यास. काळ्या सायकलचे अठ्ठावीस इंची टायर ४०-६३५, बारीक टायरच्या सव्वीस इंची सायकलचे ३७-५९० आणि जाड टायरच्या डोंगरी धाटणीच्या सव्वीस इंची सायकलचे ५०-५५९ किंवा त्याच्या आसपास. ५९० चे टायर ५५९ च्या रिमेवर कधीही बसणार नाही. जुन्या टायरवरचा आकडा कागदावर उतरवून मगच दुकानात जावे.

खरेदीपूर्वीची दहा मिनिटे

पुतण्याचे प्लास्टर निघाल्यावर आम्ही दुसरी सायकल शोधू लागलो. या वेळी मिस्त्रींना बरोबर घेतले. त्यांनी ज्या क्रमाने सायकल पाहिली तो क्रम येथे देतो.

प्रथम सांगाडा. पुढचा चिमटा आणि वरची-खालची नळी जेथे हँडलच्या नळीला मिळतात, तेथे बोट फिरवावे. रंगाला सुरकुती किंवा बारीक चीर दिसली तर समोरून धडक झालेली असते. अशी सायकल फुकट मिळाली तरी घेऊ नये. सांगाडा वाकलेला आहे का, हे मागे उभे राहून दोन्ही चाके एका रेषेत दिसतात का यावरून कळते. सीटची दांडी सुटते का, हेही पाहावे. गंजून जाम झालेली दांडी काढण्यात अख्खी दुपार जाते.

मग चाके. सायकल उलटी करून चाक फिरवावे आणि ब्रेकच्या रबराजवळ नजर ठेवावी. थोडा हेलकावा असेल तर आरे ताणून मिस्त्री तो काढतात. पण रिमच दबलेली असेल किंवा तिची कड रबराने झिजून आत खोलगट झाली असेल, तर नवी रिम धरूनच भाव ठरवावा. चाक हाताने डावी-उजवीकडे हलवून पाहावे. खडखड झाली तर आतले छर्रे किंवा कोन झिजले आहेत. हाच प्रयोग क्रँक धरून करावा.

मग चेन. साध्या चेनच्या चोवीस कड्या म्हणजे बरोबर बारा इंच. पट्टी लावून एका पिनेच्या मध्यापासून पंचविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत मोजावे. ते अंतर बारा इंचांहून एक अष्टमांश इंच अधिक भरले तर चेन ताणली गेली आहे आणि बहुधा तिने मागचे फ्रीव्हीलही खाल्ले आहे. अशा वेळी दोन्ही एकदमच बदलावीत. जुन्या दातांवर नवी चेन घसरते आणि जोर लावताना पाय निसटतो.

टायरच्या कडांना भेगा असतील तर आतील नक्षी कितीही ताजी दिसो, ते टायर गेलेले समजावे. रंग, सीट, मुठी आणि घंटी यांकडे मिस्त्रींनी ढुंकूनही पाहिले नाही.

बिल नाही तर माल नाही

आपण दुकानात बिलाशिवाय माल घेत नाही. सायकलच्या बाबतीत मात्र हा नियम सहज विसरला जातो. मुंबईत सायकली चोरीला जातात आणि त्या कोठेतरी विकल्याही जातात. चोरीचा माल आहे हे ठाऊक असताना, किंवा तसे मानण्यास कारण असताना तो घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. शंका यावी इतका भाव कमी असेल तर हात आखडावा. मूळ बिल नसेल तर विकणाऱ्याकडून नाव, पत्ता, तारीख, रक्कम आणि सांगाड्यावरील क्रमांक लिहिलेली सही केलेली पावती घ्यावी. हा क्रमांक बहुधा पायडलांच्या मधल्या नळीखाली किंवा सीटच्या नळीवर कोरलेला असतो.

सर्वांत निर्धास्त खरेदी ओळखीतली. आम्ही सोसायटीच्या सचिवांना विचारून फलकावर चिठ्ठी लावली. आठ दिवसांत तीन सायकली पुढे आल्या. त्यांतील एक शेजारच्या विंगमधील मुलाची होती. सव्वीस इंची, जाड टायरची, ॲल्युमिनियमच्या रिमांची आणि मागे सहा गिअर असलेली. तो शिकायला परगावी गेल्यापासून ती पडून होती. त्याच्या आईने मूळ बिलही शोधून दिले.

दुसऱ्या सायकलचे खाते

त्या सायकलचा खर्च माझ्या वहीत असा उतरला आहे :

सायकलची किंमत रु. १,५००
दोन टायर व दोन ट्यूब रु. १,१५०
चेन व फ्रीव्हील रु. ७००
ब्रेकची रबरे, तारा व वरची नळी रु. ३२०
छर्रे, ग्रीस व पूर्ण ओव्हरऑइलिंगची मजुरी रु. ७५०
मागील चाकाचे आरे व हेलकावा काढणे रु. १८०
पुढचा व मागचा दिवा, घंटी रु. ४८०
कॅरिअर व मडगार्ड रु. ६५०
एकूण रु. ५,७३०

भाव जागेगणिक आणि मिस्त्रीगणिक बदलतील. पण खात्याचा आकार पाहण्यासारखा आहे. खरेदीची रक्कम एकूण खर्चाच्या चौथ्या हिश्शाहून थोडीच अधिक आहे. उरलेले सारे पैसे वस्तू वापरण्याजोगी करण्यात गेले. जुनी सायकल घेणारे बहुतेक जण याच ठिकाणी फसतात. दीड हजारांत सायकल मिळाली म्हणून ते खूश होतात आणि पुढचे चार हजार खर्चायची वेळ आली की हात आखडतात. अर्धवट दुरुस्त सायकल पुन्हा जिन्याखाली जाते. दुरुस्तीचा अंदाज काढल्याशिवाय भाव ठरवू नये. आणि दुरुस्तीसह बेरीज नव्या साध्या सायकलच्या जवळ जात असेल, तर सरळ नवी घ्यावी. काटकसर म्हणजे प्रत्येक जुनी वस्तू घेणे नव्हे.

पैसे कमी असतील तर कामाचा क्रम असा ठेवावा : आधी ब्रेक, मग चाके आणि टायर, मग छर्रे व ग्रीस, मग चेन, मग दिवे. रंग शेवटी, आणि न दिला तरी चालतो.

घरी करण्याजोगी कामे

पंक्चर काढणे, ब्रेकच्या तारा ताणणे आणि चेन साफ करणे ही कामे घरातील कोणीही शिकू शकते. छर्ऱ्यांचे काम एकदा मिस्त्रींच्या नजरेखाली केले तर पुढे तेही जमते. पुढच्या हबमध्ये प्रत्येक बाजूस बहुधा ३/१६ इंचाचे दहा छर्रे असतात, मागच्यात पाव इंचाचे नऊ आणि क्रँकच्या नळीत सुटे छर्रे असल्यास पाव इंचाचे अकरा. काढताना मोजावेत, ताटलीत ठेवावेत आणि एक जरी खरवडलेला दिसला तरी सगळा संच बदलावा. छर्रे अगदी स्वस्त असतात. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. नेहमीसारखा पान्हा फिरवून ताकद लावली तर ते सुटण्याऐवजी अधिक आवळत जाते.

चढावर दमछाक होत असेल आणि सायकलला गिअर नसतील, तर एक स्वस्त उपाय आहे. पुढे चव्वेचाळीस दात आणि मागे अठरा दातांचे फ्रीव्हील असेल तर अठ्ठावीस इंची सायकल पायडलच्या एका फेरीत सुमारे साडेपाच मीटर जाते. मागे बावीस दातांचे फ्रीव्हील लावले की तीच सुमारे साडेचार मीटर जाते. सपाटीवर वेग थोडा कमी होतो, पण उड्डाणपुलावर उतरून चालावे लागत नाही. सीटची उंचीही तपासावी. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर टेकवली असता पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडणाऱ्या अनेकांची सीट केवळ खाली बसवलेली असते.

आपल्या घरांत पडणारे दोन प्रश्नही सांगून टाकतो. जुन्या सायकलींच्या सीट पुष्कळदा चामड्याच्या असतात. त्या काढून रेक्झिनची बसवावी. पण जुन्या हातपंपाच्या दट्ट्याला आत चामड्याचा वॉशर असतो, हे कोणाच्या लक्षात येत नाही. रबरी वॉशरचे पंप सहज मिळतात. दुसरा प्रश्न ग्रीसचा. ग्रीस घट्ट करण्यासाठी त्यात एक प्रकारचा साबण मिसळतात आणि तो प्राण्यांच्या चरबीपासूनही बनवता येतो. लिथियम ग्रीसमधील साबण मात्र बहुधा एरंडेल तेलापासून मिळणाऱ्या आम्लाचा असतो, आणि एरंडीच्या उत्पादनात तर आपला शेजारी गुजरात आघाडीवर आहे. डब्यावर लिथियम लिहिलेले पाहून घ्यावे आणि शंका असल्यास कंपनीला विचारावे.

रोजची वाट

मुलुंडपासून तानसा जलवाहिन्यांच्या कडेने ३९ किलोमीटरचा सायकलमार्ग महापालिकेने आखला होता. तो सलग झालेला नाही. त्यामुळे पुतण्या लालबहादूर शास्त्री मार्गानेच येतो. बारा किलोमीटरला त्याला पन्नास मिनिटे लागतात. सकाळी आठच्या आत निघाला तर रस्ता मोकळा मिळतो. पश्चिम उपनगरांत दहिसर ते अंधेरीदरम्यान धावणाऱ्या मेट्रोच्या २ अ आणि ७ या मार्गिकांवर ठरावीक डब्यांत सायकल नेण्याची सोय २०२२ साली झाली; अर्धी वाट सायकलने आणि अर्धी मेट्रोने असाही मेळ घालता येतो. मात्र सर्वांनाच बारा किलोमीटर जायचे नसते. घर ते स्थानक किंवा घर ते दुकान हे अंतर बहुतेकांचे दोन-तीन किलोमीटरच असते, आणि त्यासाठी पडीक सायकलसारखे स्वस्त वाहन नाही.

दुरुस्त केलेली सायकल थेट रहदारीत नेऊ नये. आम्ही पुतण्याची सायकल आधी बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात नेली. प्रवेशद्वारापासून कान्हेरी लेण्यांपर्यंतचा सुमारे सहा किलोमीटरचा रस्ता अखेरीस चढाचा आहे. चढताना चेन आणि गिअर यांची परीक्षा होते, उतरताना ब्रेकची. सोमवारी उद्यान बंद असते, एवढे लक्षात ठेवावे.

पावसाळ्यात आठवड्यातून एकदा चेन कोरड्या फडक्याने पुसून तेलाचे थेंब सोडावेत आणि वरचे तेल पुसून घ्यावे. भिजलेली सायकल घरी आल्यावर सीटची दांडी काढून सांगाडा उलटा करावा, म्हणजे नळीत शिरलेले पाणी निघून जाते. सायकलचा गंज बहुधा आतून सुरू होतो आणि बाहेरच्या रंगाला त्याची खबरही नसते.

आगाशीची वाट

सायकलवरून लांबचा प्रवास म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे लाखाची परदेशी सायकल येते. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी याच मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलवर जगाच्या फेरीला निघाले होते. त्यांतील अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनी ती फेरी पुरी केली आणि मार्च १९२८ मध्ये, सुमारे ७१,००० किलोमीटरनंतर, ते मुंबईला परतले. आजच्या सायकलींच्या मानाने त्यांच्या सायकली अगदीच साध्या होत्या. आपल्याला जगाची फेरी करायची नाही. आपली मजल आगाशीपर्यंत.

कार्तिकी पौर्णिमा उलटली की मुंबईची हवा प्रवासाला योग्य होते. गेल्या वर्षी आम्ही तिघे, म्हणजे मी, पुतण्या आणि बोरिवलीचे माझे मेहुणे, शेठ मोतीशांच्या नावाशी जोडलेल्या आगाशीच्या मुनिसुव्रतस्वामींच्या मंदिराच्या दर्शनाला सायकलवर गेलो. महामार्गाने जाता येते, पण तेथे ट्रक आणि कंटेनर यांची रीघ असते. आम्ही खाडीची वाट धरली. बोरिवलीहून गोराईच्या जेट्टीवर जाऊन सायकली होडीत चढवल्या, पलीकडे गोराई, उत्तन करीत भाईंदरला पोहोचलो. २०२४ च्या फेब्रुवारीपासून भाईंदर ते वसई रो-रो बोट सुरू झाली आहे. तिच्यातून सायकलींसह वसईला उतरलो. चिमाजी आप्पांनी १७३९ साली जिंकलेला किल्ला तेथून जवळच. पुढे नालासोपारा, म्हणजे प्राचीन सोपारक बंदर. तेथील स्तूपाचे उत्खनन पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली केले. वाटेत केळीच्या बागा, विहिरी आणि सपाट रस्ता. आमच्या जुन्या सायकलींनी कोठेही कुरकूर केली नाही.

सामान बेताचे नेले. जुन्या ताडपत्रीच्या दोन पिशव्या दुकानाजवळच्या बॅगवाल्याकडून शिवून घेतल्या होत्या आणि कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना बांधल्या होत्या. आतल्या अंगाला पातळ फळी घातली, म्हणजे पिशवी आऱ्यांत जात नाही. बरोबर एक ट्यूब, पंक्चरचे ठिगळ व सोल्युशन, टायर काढायच्या पट्ट्या, पंप, १५ चा पान्हा, ब्रेकची एक तार आणि चेनच्या दोन कड्या. खाखरे, चणे आणि पाणी. नवकारशीनंतर वसईच्या किनाऱ्यावर पहिला घास घेतला. नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणून मुक्कामाला चारपर्यंत पोहोचायचे असे आधीच ठरवले होते. सायकलच्या प्रवासाला हा नियम फार मानवतो. उजेडात पोहोचलेला माणूस सायकल तपासतो, आंघोळ करतो, वेळेवर जेवतो आणि दुसऱ्या दिवशी ताजा उठतो.

परतल्यावर

आजोबांची काळी सायकल आम्ही विकली नाही. तिला नवी रबरे, नवे टायर आणि नवे छर्रे घातले. दुकानापासून हाकेच्या अंतरावरचा माल ती पोहोचवते, पण फक्त कोरड्या दिवसांत. पहिला पाऊस पडला की तिला साखळी लावून आत ठेवतो. तिच्या सोनेरी रेघा पुसट होत चालल्या आहेत. पुतण्याच्या सायकलचा रंग तर पहिल्यापासूनच उडालेला आहे. परवा मी त्याला म्हटले, “रंग द्यायचा का रे?” तो काही बोलण्याआधीच वहिनी आतून म्हणाल्या, “आधी ब्रेकची रबरं बघा म्हणावं, झिजली असतील.” पाहिली, तर खरोखरच झिजली होती. त्याच संध्याकाळी बदलून घेतली.

येत्या दिवाळीच्या साफसफाईत जिन्याखालची सायकल भंगारात देण्यापूर्वी एकदा बाहेर काढून पाहा. लोहचुंबक लावा, चाक फिरवा, चेन मोजा, आणि वहीचे एक कोरे पान उघडा. बेरीज जुळली तर घरातील कोणालातरी एक वाहन मिळेल. जुळली नाही तर ती खुशाल भंगारात द्या, पण मोजल्याशिवाय देऊ नका.